पडद्यावरची लेक

दसरा सरला की बीडच्या रस्त्यांवरून कापसाचे टेम्पो जायला लागतात. ताडपत्री कितीही आवळून बांधली तरी थोडा कापूस उडतोच. तो बाभळीला अडकतो, विजेच्या तारेवर बसतो आणि माझ्या औषधाच्या दुकानाच्या पायरीवर येऊन पडतो. सकाळी झाडताना केरसुणीला चिकटतो. झटकून निघत नाही, हातानेच ओढून काढावा लागतो. मग बोटांना सरकीचा तो तेलकट, उन्हात तापलेला वास लागतो आणि माझा दिवस नासतो.

बाकीच्यांना या दिवसांत फराळ आठवतो, नवे कपडे आठवतात. मला एक सिनेमा आठवतो.

मागे एकदा गल्लीतल्या हळदीकुंकवाला विषय निघाला, आवडता सिनेमा कुठला. एकेक जणी सांगू लागली. गोष्ट चांगली होती, गाणी गोड होती, असं एकीनेही म्हटलं नाही. सगळ्यांचं माप एकच. "लई रडवलं बाई त्यानं." आमच्या भागात सिनेमाला याहून मोठी शाबासकी नाही. ज्याने पदर जास्त भिजवला तो सिनेमा मोठा. माझी पाळी आली तेव्हा मी उठून चहाचे कप गोळा करायला लागले.

आमचं गाव दिंद्रुडच्या जवळ. जमीन काळी, आणि त्या काळी घरोघर कापूसच. वेचणीच्या दिवसांत घरात माणसांपेक्षा कापूस जास्त असायचा. आधी बैठकीत ढीग लागायचा, मग मधल्या घरात, आणि शेवटी देवघराच्या उंबऱ्याशी येऊन थांबायचा. कापसातले लाल किडे अंथरुणात यायचे, मानेला, काखेत खाज सुटायची. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बायकांची बोटं सोलून निघायची आणि त्याच बोटांनी संध्याकाळी तिखट कालवावं लागायचं. मला आठवतं तसं, त्या दिवसांत जेवताना माय उजवा हात अधूनमधून ताटापासून लांब धरून फुंकायची. तिला कुणी कधी काही विचारलं नाही.

आण्णा, म्हणजे आमचे वडील, वेचणीकडे फारसे फिरकत नसत. ते पुढारी होते. गावापुरतेच, पण कडक इस्त्रीचे कपडे घालणारे पुढारी. त्यांना पंचायत समितीचं तिकीट हवं होतं. त्यासाठी ते मोठ्या पुढाऱ्यांच्या लग्नांना, बारशांना, मातीला न चुकता जात. याच येण्याजाण्यातून अक्काचं लग्न जमलं. चौसाळ्याच्या पलीकडचं मोठं घर, शंभर माणसांची उठबस असलेलं. दारात जीप. व्याह्यांचा शब्द तालुक्यात चालायचा. लग्नात आण्णा नवरदेवाच्या बापाशेजारी असे बसले होते, की जणू लग्न त्यांचंच लागलंय.

अक्का माझी थोरली बहीण. आमच्या दोघींच्या मध्ये भाऊ. अक्का हसरी होती असं म्हटलं तर कमी पडेल. ती दुसऱ्याला हसवायची. गणपतीत देवळासमोर पडदा बांधून सिनेमा दाखवत, तर दुसऱ्या दिवशी अक्का अंगणात सगळा सिनेमा उभा करायची. हिरो, हिरोईन काही नाही, तिला खलनायक आवडायचा. चादरीचा कोट करून, ओठात काडी धरून ती अशी चालायची, की भाकरी थापणाऱ्या मायचे हात पिठात तसेच राहायचे आणि ती हसून हसून खोकायची. मायचं हसू मी पाहिलं ते तेवढंच.

उन्हाळ्यात लग्न झालं आणि वेचणीच्या भरात अक्का दिवाळसणाला आली. जीपमधून उतरली ती कोपरापर्यंत हिरवा चुडा भरून, अंगावर जाड काठाचं लुगडं. गल्लीतल्या बायका बघायला आल्या. कौसाकाकू, म्हणजे आमच्या शेजारच्या, चुड्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "पोरीनं नशीब काढलं बाई." अक्का हसली. नुसते ओठ हलले.

पहिल्या आंघोळीच्या सकाळी तिचे केस धुवायला मी न्हाणीत गेले. मी तेव्हा सातवीत होते. वाफेनं न्हाणी भरलेली, शिकेकाईचा वास. तिने पाठ माझ्याकडे केली आणि मला तिच्या खांद्याखाली एक डाग दिसला. तळहाताएवढा, चौकोनी, कडा नीट कापल्यासारख्या. मधली कातडी गुलाबी आणि ताणलेली.

"अक्का, हे काय झालं?"

"उलथनं."

"पडलं का अंगावर?"

तिने तांब्या घेतला आणि स्वतःच पाणी ओतायला लागली. मग पाण्याच्या आवाजात म्हणाली, "न्हाई. लावलं. सासूनं लावलं, ह्यांनी हात धरलते."

तिने केस पिळले, बांधले आणि फराळाला जाऊन बसली. भाऊबीजेला भावाला ओवाळलंसुद्धा.

सण झाला तरी ती परत जायचं नाव काढेना. माय तिला वेचणीला घेऊन जायला लागली. एका दुपारी मी त्यांच्या मागच्या ओळीत होते. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, माझ्या डोक्याच्या वर गेलेली, त्यामुळे त्या दोघींना मी दिसत नव्हते. अक्का बोलत होती. सगळं सांगत होती. कोठीत कोंडून ठेवलं ते, भाजी खारट झाली म्हणून काय झालं ते, दारू पिऊन आल्यावर जे व्हायचं ते. आवाज चढला नाही, रडली नाही. मी फांद्यांमधून मायचे हात बघत होते. बोंडातून कापूस ओढायचा, कमरेच्या ओटीत टाकायचा. पुढचं बोंड. ओढायचा, टाकायचा. अक्का उलथन्यापर्यंत आली तेव्हाही ते हात थांबले नाहीत.

सगळं झाल्यावर माय म्हणाली, "माझी पाठ तू पाह्यलीस का कदी?"

अक्काचे हात थांबले.

"न्हाई ना? मग. सगळ्यायचं असंच आस्तं, बाय. दोन वर्सं काढ. लेकरू झालं की निवळतं."

"आन् न्हाई निवळलं तर?"

"वेच," माय म्हणाली, "ऊन उतरायलंय."

या वाक्यावर मी आजवर किती वेळा राग धरला असेल! पण राग धरायला बसलं की मायची ती न पाहिलेली पाठ मध्ये येते, आणि राग कुठे ठेवावा ते कळत नाही. आण्णांवर ठेवावा तर ते त्या वेळी शेतात नव्हते. ते कधीच तिथे नसत.

त्याच आठवड्यात माजलगावच्या टॉकीजला तो सिनेमा लागला. त्याचं नाव मी घेत नाही. सोसणाऱ्या सुनेचा सिनेमा, एवढं पुरे. त्या वर्षी त्याने सगळा भाग येडा केला होता. बायका शेतं सोडून जात होत्या. जाऊन आलेल्या बायका पाणवठ्यावर सांगता सांगता पुन्हा रडत. ज्या गेल्या नव्हत्या त्यांना कमीपणा वाटू लागला. गल्लीतल्या बायका मायकडे आल्या आणि माय पहिल्यांदा आण्णांकडे काही मागायला गेली. आण्णा लगेच तयार झाले. समोर निवडणूक होती आणि बायकांची मतंही मतंच असतात. त्यांनी आमचा ट्रॅक्टर दिला, ट्रॉलीत गोधड्या टाकायला लावल्या आणि स्वतः वेशीपर्यंत येऊन हात हलवला.

ट्रॉलीच्या सांदीत आदल्या दिवशीचा कापूस अडकलेला होता. वाटेत वाऱ्याने तो उडायचा आणि बायकांच्या केसांत बसायचा. भाकरी, ठेचा, शेंगाची चटणी बांधून घेतलेली. कुणीतरी गाणं धरलं. सगळ्या एखाद्या लग्नाला निघाल्यासारख्या खुशीत होत्या. माय अक्काला म्हणाली, "चल, तुजं बी मन रमंल." अक्का ट्रॉलीच्या फळीला टेकून बसली होती. तिला सिनेमा कुठला आहे हे ठाऊक होतं की नाही, मला माहीत नाही.

दुपारचा खेळ. टॉकीजमध्ये बायकांची बाजू वेगळी, लाकडी बाकं, वर कौलांतून उन्हाची भोकं पडलेली. आत आधीच्या खेळाच्या बायकांच्या घामाचा आणि गजऱ्यांचा वास कोंडलेला. सिनेमा सुरू झाला. गरीब घरची गुणी मुलगी, मोठ्या घरी दिलेली. पहिल्या गाण्यानंतर तिचे हाल सुरू झाले ते थांबेचनात. सासू तिला उपाशी ठेवते, कोठीत कोंडते, नवरा तोंड फिरवून बाहेर जातो. एकेका प्रसंगाला बायकांच्या बाजूने हुंदका फुटे. बांगड्या वाजत होत्या, नाकं शिंकरली जात होती. कोठीच्या प्रसंगाला कौसाकाकू उठल्या, पायातली चप्पल काढली आणि पडद्यावरच्या सासूला फेकून मारली. "रांडे, तुझ्या हाताला किडे पडतील!" सगळ्या बाजूने त्यांना शाबासकी मिळाली. पुरुषांच्या बाजूने शिट्ट्या आल्या.

माय रडत होती. मी तिला असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. आजी गेली तेव्हाही नाही. तिचं सगळं अंग हलत होतं. पदराचा बोळा तोंडात धरलेला, तरी आतून आवाज येत होता. आज मला वाटतं, ती तिच्या स्वतःच्या पाठीसाठी रडत होती. सबंध आयुष्यात तिला रडायला मिळालेली जागा म्हणजे तो अंधार. घरी रडली असती तर कुणीतरी विचारलं असतं, कावून रडायलीस, आणि उत्तर द्यावं लागलं असतं. तिथे कुणी विचारणार नव्हतं. एवढं मी आज समजू शकते. पण तिच्या एका बाजूला मी होते आणि दुसऱ्या बाजूला अक्का होती. पडद्यावर जे चाललं होतं ते अंगावर घेऊन आलेली तिची लेक तिच्या मांडीला मांडी लावून बसली होती. आणि माय तिच्याकडे न बघता समोरच्या पडद्यासाठी फुटून रडत होती.

अक्काचे डोळे कोरडे होते. ती पडदा बघतच नव्हती. ती मायकडे बघत होती, आणि किती वेळ बघत होती कोण जाणे. मग ती म्हणाली, हळू पण मला ऐकू येईल एवढ्याने, "माय, तू कुणासाठी रडायलीस?"

माय म्हणाली, "गप. शिनेमा बघ."

पुढे ती सून माहेरी येते. दार उघडतं. तिचा बाप तिला आत घेत नाही. उंबऱ्यावर उभा राहून, डोळ्यांत पाणी आणून म्हणतो, "लेकी, सोसणाऱ्या बाईच्या दारी देव पाणी भरतो." आणि ती बापाच्या पायाची धूळ घेऊन परत फिरते. त्या वेळी टॉकीजमध्ये टाळ्या पडल्या. रडता रडता बायकांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी सासूला लकवा होतो, सून तिचं हागणंमुतणं काढते, सासू किल्ल्यांचा जुडगा तिच्या पदरात टाकते आणि पाया पडते. झालं. दिवे लागले. सगळ्यांचे चेहरे धुतल्यासारखे हलके झाले होते.

परत येताना ट्रॉलीत तोच विषय. "कसं सोसलं बाई तिनं!" "एक शब्द उलटा बोलली न्हाई." "म्हणून तर देवानं दिवस दावला." भाकरीचे तुकडे हातात घेऊन त्या बोलत होत्या. त्यांचं बोलणं चाललं असतानाच अक्का म्हणाली, "मी न्हाई जाणार परत."

ट्रॅक्टरच्या आवाजातही ते सगळ्यांनी ऐकलं. थोड्या वेळाने कौसाकाकू म्हणाल्या, "असं बोलू ने, बाय. भरल्या घरची सून तू." त्यांच्या एका पायात चप्पल नव्हती. ती टॉकीजमध्येच राहिली होती. पडद्यावरच्या पोरीसाठी चप्पल गमावलेली ही बाई माझ्या बहिणीला गप्प बसवत होती. मला ते तेव्हा कळलं नाही. आता कळतं तेव्हा तोंड कडू होतं.

आण्णांना कळलं त्या दिवशी घरात भांडण झालं नाही. आण्णा भांडत नसत. ते अक्काला समोर बसवून समजावत राहिले. व्याह्यांचा शब्द, तिकीट, गावातली पत, भावाचं लग्न, माझं लग्न. सगळं एकापाठोपाठ एक तिच्यापुढे मांडलं. म्हणाले, "एका तुझ्यापायी एवढं सगळं मोडायचं का? तूच सांग." अक्काने पाठ दाखवायला पदराला हात घातला, तर आण्णांनी मान फिरवली. "बापाला दावायची चीज हाय का ती?" ते म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले.

जीप आली. दाजी उतरलेच नाहीत, आत बसून राहिले. मायने अक्काची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. कुंकू दोनदा वाकडं लागलं, पुसून तिला पुन्हा लावावं लागलं, हे मी पाहिलंय, आणि तिच्या बाजूने सांगायचं म्हणून सांगते. मग ती जीपच्या दाराशी वाकली आणि अक्काच्या कानाशी म्हणाली, "सोसणाऱ्या बाईच्या दारी देव पाणी भरतो."

अक्काने तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. ती हसली. अंगणात खलनायक होऊन चालायची तेव्हा हसायची तशी, एका बाजूने. आणि जीप गेली.

संक्रांतीच्या आत अक्का ते घर सोडून गेली. सकाळी पाण्याला म्हणून निघाली, ती तशीच चौसाळ्याला हमरस्त्यावर आली आणि एसटीत बसली. चुडा तिने एसटीतच उतरवला, हे तिने मला पुढे सांगितलं. आमच्याकडे आली नाही. ती आमच्याकडे येईल म्हणून व्याह्यांची माणसं दोन वेळा येऊन घर बघून गेली. आण्णांनी त्यांना धान्याची कणगीसुद्धा उघडून दाखवली. तिला हुडकायला मात्र आमच्या घरातलं कुणी बाहेर पडलं नाही. पुढे कधीतरी कळलं, की ती संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादला, मुलींच्या एका वसतिगृहात पोळ्या लाटते. आण्णा म्हणाले, "आमच्यासाठी ती मेली." रीतसर सोडचिठ्ठी झाली. दाजींनी वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. त्या लग्नाला आण्णा गेले होते. इस्त्रीचे कपडे घालून गेले, जेवून आले. तिकीट मिळालं नाही ते नाहीच.

माझ्या दुकानात अधूनमधून बायका येतात. डोकं पदराने झाकलेलं, आवाज बसलेला. "दुखण्याची गोळी द्या. मलम द्या." काय झालं विचारलं तर ठरलेलं उत्तर, न्हाणीत पाय घसरला. बीडमधल्या न्हाण्या इतक्या कशा निसरड्या असतात! मी मलम देते. एखादीला आत बसवून पाणी देते, कुठे जाता येईल ते सांगते. ती मान डोलावते. एकदा एकीने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, सोसल्याबिगर बाईला मान हाय का?" मी विचारलं, हे तुला कुणी सांगितलं? ती म्हणाली, "माझ्या मायनं." मी मलम तिच्या हातात ठेवलं. तिच्या मायला कुणी सांगितलं असेल, याचा मला अंदाज होता.

फार्मसीच्या शिक्षणासाठी मी संभाजीनगरला गेले तेव्हा भाऊने बजावून ठेवलं होतं, तिला भेटायचं नाही. पहिल्याच रविवारी अक्का माझ्या वसतिगृहाच्या फाटकाशी उभी होती. जाड झाली होती, हातावर तव्याचे चटके. हे डाग कुणी लावलेले नव्हते. तोवर तिने स्वतःची खानावळ टाकली होती. तिने मला खाऊ घातलं, आणि मग म्हणाली, "चल, तुला माझा सिनेमा दावते."

कुठल्याशा जुन्या टॉकीजमध्ये, पडद्याला ठिगळ असलेल्या, एक हिंदी सिनेमा परत लागला होता. त्यात काही नव्हतं. तीन बावळट चोर एक मोटार पळवतात, मोटारीत एक कोंबडा निघतो आणि शेवटपर्यंत तो कोंबडा कुणाला धरता येत नाही. अक्का इतकी हसली, की पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. पुढचा विनोद यायच्या आधीच ती हसत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं तिच्या. मी तिच्याकडे बघत बसले. मला अंगण आठवत होतं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "हाच का आवडतो तुला?"

ती म्हणाली, "इथं आल्यावर पयल्यांदा एकटी गेलते ती ह्यालाच. कितींदा पाह्यला त्याला मोजमाप न्हाई. ह्यात कुणाला शिकवत न्हाईत, बघ. कुणी मरत न्हाई, कुणी पाया पडत न्हाई. नुस्ता कोंबडा पळतो." मग थोडं चालल्यावर म्हणाली, "त्या दिशी माजलगावला हा लागला असता, तर मायनं मला ठिवून घेतलं असतं का गं?"

मी म्हटलं, नाही.

"व्हय," ती म्हणाली, "न्हाईच. उगं सिनेमाला कशाला बोल लावायचा."

तिचा हा न्याय माझ्याहून मोठा आहे. मला तो जमत नाही. मी त्या सिनेमाला बोल लावते. ज्या कुणी तो लिहिला, ज्याने उंबऱ्यावरच्या बापाच्या तोंडी ते वाक्य घातलं, त्याला मी बोल लावते. त्याने बायकांना रडायला जागा दिली खरी, पण रडून झाल्यावर परत कुठे जायचं तेही त्यानेच सांगितलं.

आण्णा गेले तेव्हा अक्काला मीच कळवलं. ती तिसऱ्या दिवशी आली. भाऊने तिला अंगणाच्या कडेलाच अडवलं.

"कावून आलीस?"

"माझा बी बाप होता."

"त्यायनीच सांगून ठिवलंय. पाय ठिवू देऊ नका म्हून."

गल्लीतल्या बायका आपापल्या दारात आल्या होत्या. त्यातल्या कितीतरी त्या ट्रॉलीत होत्या. कौसाकाकूही होत्या, पार म्हाताऱ्या झालेल्या. त्यांनी अक्काला पाहिलं आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. माय आत मधल्या घरात बायकांच्या घोळक्यात बसली होती. बाहेरचं तिला ऐकू जात होतं. ती उठली नाही. मी तांब्याभर पाणी घेऊन बाहेर गेले. अक्का उन्हातच उभ्याउभ्या प्याली. तांब्या परत देताना तिने विचारलं, "माय काय करायलीय?"

"बसलीय."

"रडायलीय?"

"व्हय."

"रडू दे," अक्का म्हणाली आणि स्टँडकडे चालू लागली.

गेल्या आठवड्यात मी मायला भेटायला गावी गेले. ती भाऊकडे असते, आता तिला शेतात जाववत नाही. यंदाही बैठकीत कापसाचा ढीग आहे, पूर्वीच्या मानाने लहान. भाऊ आणि भावजय वेचणीला गेले होते. माय ढिगाला टेकून, काडीकचरा निवडत, टीव्ही बघत होती. डोळे भरलेले. मी चप्पल काढेपर्यंत पडद्यावर उंबऱ्यात उभा असलेला बाप मला दिसला. कोणता सिनेमा ते कळायला आणखी काही बघावं लागलं नाही.

"ये, बस," माय म्हणाली. "तुज्या अक्कासंगं पाह्यला होता बघ ह्यो. ध्यानात हाय का?"

इतक्या वर्षांत त्या घरात अक्काचं नाव निघालं नव्हतं. मी तिच्याशेजारी बसले. ती पडद्याकडेच बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "तिच्याकडं हाय का गं टीव्ही?"

"हाय की, माय."

"मग ती बी बघत आसंल आता."

मला थांबवेना. मी फोन काढला, अक्काला लावला आणि तिने उचलताच म्हटलं, "अक्का, माय बोलतीय." फोन मायच्या हातात दिला. मायने तो दोन्ही हातांनी धरला. आतून अक्काचा आवाज आला. "माय? माय, मी हाय." मायचे ओठ हलले. मला वाटलं, आता. इतक्या वर्षांनी आता.

तेवढ्यात टीव्हीवरचं संगीत चढलं. सासू खाटेवरून हात जोडत होती, सून रडत होती. मायची नजर तिकडे गेली. "थांब जरा," ती म्हणाली, "शेवट आलाय." आणि तिने फोन कापसावर ठेवला.

कापसातून अक्काचा आवाज येत राहिला. "माय? हॅलो? माय?" मी फोन उचलला.

"कशाचा आवाज हाय गं?" अक्काने विचारलं.

"सिनेमाचा."

"त्योच?"

"त्योच."

ती म्हणाली, "बघू दे तिला. पोरं जेवायला आलीत, माझ्या पोळ्या राह्यल्यात." फोन बंद झाला.

सिनेमा संपला. जाहिराती सुरू झाल्या. मायने फोन मागितला नाही. तिने पदराने डोळे पुसले, चेहरा हलका झाला होता तिचा, आणि कापसातली काडी वेचून बाजूला टाकत ती म्हणाली, "किती गुणाची लेक बाई."

मी विचारलं, "कोण, माय?"

तिने टीव्हीकडे बोट केलं.

"ही की. दुसरी कोण?"